प्रेमभंगाला सुतक नसतं: सिडकोतल्या एका मुलीच्या पत्राला उत्तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी आधी त्याचा गोषवारा देते. तुम्ही २८ वर्षांच्या आहात, सिडकोत आईवडिलांबरोबर राहता, अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहात. कॉलेजपासूनचं नातं यंदा दसऱ्याच्या आसपास तुटलं. त्याच्या घरच्यांनी जात काढली, तो काही दिवस भांडला, मग गप्प झाला. आता त्याचं लग्न ठरलंय. तुम्हाला रात्री दोनला जाग येते, डबा तसाच परत येतो, कंपनीत एक लॉट चुकून पास झाला आणि साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आई स्थळं काढून बसली आहे. यातून बाहेर यायला किती दिवस लागतात, त्याला ब्लॉक करायचं का, आईला काय सांगायचं आणि नाशिक सोडून पुण्याला जायचं का, असे तुमचे प्रश्न आहेत.

मी नाशिकमध्येच समुपदेशनाचं काम करते, बरीच वर्षं. अशी पत्रं येतात तेव्हा लोकांना मनावरचा इलाज हवा असतो. मी तुम्हाला निम्मं उत्तर झोपेचं, डब्याचं आणि फोनचं देणार आहे, आणि ते मुद्दाम. मन सावरायच्या मागे आत्ता लागू नका. दिवस सावरा. मन मागून येतं, कुरकुरत येतं, पण येतं.

घरात कुणी गेलं तर काय करायचं हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो, सोयरे कडू घास देतात. दहाव्याला माणसं रामकुंडावर जमतात, तेराव्याला गोडाचं जेवण होतं. या विधींवर तुमचा विश्वास असो वा नसो, ते दुःखात असलेल्या माणसाचा दिवस लावून देतात. कुणीतरी सतत जवळ असतं, जेवायला बसवलं जातं, ऑफिसात कुणी कारण विचारत नाही, आणि तेराव्यानंतर हळूहळू कामाला लागायचं हेही ठरलेलं असतं. नातं तुटलं की यातलं काहीच मिळत नाही. रजेच्या अर्जावर कारण काय लिहिणार? तुमच्या वडिलांना तर हे नातं होतं हेच माहीत नाही. म्हणजे दुःख आहेच, वर ते लपवण्याची नोकरी दिवसभर वेगळी. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली नेमक्या अशा दुःखांबद्दल लिहिलं, ज्यांना आजूबाजूचे लोक दुःख मानायलाच तयार नसतात. गर्भपात, लपवलेलं नातं, पाळलेल्या जनावराचं जाणं. अशा माणसाला सांत्वन मिळत नाही आणि रडण्याची मुभाही मिळत नाही, म्हणून तो जास्त काळ अडकतो.

तेव्हा ही व्यवस्था तुम्हालाच उभी करायची आहे. घरातल्या किमान एका माणसाला खरं सांगा. आई नको असेल तर मावशी, वहिनी, चुलत बहीण, कुणीही, पण जिच्यासमोर चेहरा नीट करून बसावं लागणार नाही अशी. सांगताना सगळी कहाणी सांगायची गरज नाही. ‘माझं एक नातं होतं, ते तुटलं, मला काही महिने सांभाळून घ्या’ एवढं पुरतं.

आता शरीराचं. तुम्ही लिहिलंय, ‘छातीत खरंच दुखतं, नाटक करत नाही.’ नाटक नाहीच. हेलन फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नुकताच नकार मिळालेल्या माणसांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. त्यांना सोडून गेलेल्या व्यक्तीचा फोटो दाखवला, तर व्यसनात जो भाग हवंहवंसं वाटायला लावतो तोच भाग जागा होत होता. २०११ मध्ये ईथन क्रॉस यांच्या गटाने नातं तुटलेल्या माणसांना एकदा तसा फोटो दाखवला आणि एकदा हाताला सोसेल इतका चटका दिला. दोन्ही वेळी मेंदूचे काही भाग तेच होते. म्हणून रात्री दोनला त्याचा ‘लास्ट सीन’ बघायला हात जातो, यात तुमचा स्वाभिमान कमी पडत नाही. ती तलफ आहे. तलफ चढते आणि हात न लावता राहिलात तर उतरतेही. तेवढ्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत असणं, एवढाच उपाय आहे आणि तो बऱ्यापैकी चालतो.

छातीत दुखण्याबद्दल मात्र एक सावधगिरी. धाप लागत असेल, घाम फुटत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर ‘टेन्शनने होतंय’ असं घरातल्या घरात ठरवू नका, त्याच दिवशी ईसीजी काढा. तीव्र मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता कमजोर पडतो आणि लक्षणं थेट हार्ट अटॅकसारखी दिसतात, असा एक आजार जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये नोंदवला. त्याला ताकोत्सुबो म्हणतात. तो मुख्यतः पाळी गेलेल्या बायकांना होतो आणि बहुतेकींचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं. तुमच्या वयात त्याची शक्यता कमी. हे मी तुमच्या आईच्या वयाच्या वाचकांसाठी लिहिते आहे, ज्या नवरा गेल्यावर महिनाभर ‘गॅसेस आहेत’ म्हणून ओवा खात बसतात.

झोपेकडे सगळ्यात आधी बघा, कारण ती बिघडली की बाकीचं काहीच जमत नाही. झोप लागो न लागो, सकाळी उठायची वेळ एकच ठेवा, रविवारी सुद्धा. दुपारी आडवं व्हायचं नाही. चार वाजल्यानंतर चहा नको. रात्री जाग आली तर घड्याळ बघू नका. वीसेक मिनिटांत झोप येत नाही असं वाटलं तर अंथरुणातून उठा आणि मंद उजेडात एखादं कंटाळवाणं काम घ्या. थंडीचे दिवस आहेत, मटार सोला. डोळे जड झाले की परत जा. अंथरुणात पडून त्याचा विचार करायची सवय लागली की अंथरूण दिसल्यावर झोपेऐवजी तोच आठवतो. दोन-तीन आठवडे हे नेमाने केलं तर बहुतेकांची झोप रुळावर येते. नाही आली तर डॉक्टरांकडे जा. मेडिकलवाल्याकडून ओळखीवर झोपेची गोळी घेऊ नका.

जेवणाचं सोपं आहे: भुकेला विचारू नका. वेळ झाली की थोडं खा. अख्खा डबा जात नसेल तर अर्धीच पोळी न्या, पण ती संपवा. आईला सांगून सकाळची पेज किंवा दूध-केळं ठरवून टाका.

मग सकाळ. थंडीत पांघरुणातून निघवत नाही, त्यात मन असं असताना तर नाहीच. तरीही उजाडल्यावर अर्धा तास घराबाहेर चाला. गोल्फ क्लबच्या मैदानावर, कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर किंवा रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या, काहीही चालेल. शक्यतो कुणाला तरी वेळ देऊन ठेवा, म्हणजे समोरची थंडीत उभी राहील या लाजेने तरी तुम्ही उठाल. नैराश्याच्या उपचारात १९७०च्या दशकापासून ही पद्धत आहे: उत्साह येण्याची वाट बघायची नाही, काम आधी करायचं, उत्साह नंतर आला तर आला. ऐकायला कोरडं वाटतं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे लोक हे ऐकून नाराज होतात, त्यांना काहीतरी खोल ऐकायचं असतं. पण चालणं, आंघोळ, डबा, कामावर वेळेत पोचणं या चार गोष्टी टिकल्या तर साहेबांच्या केबिनमध्ये पुन्हा जावं लागत नाही. नातं गेल्यावर नोकरीही गेली, असं होऊ देऊ नका. दुसऱ्या संकटाने पहिल्याची जखम चिघळते.

कंपनीत लाइन सुपरवायझरला ‘घरी अडचण आहे, महिनाभर माझं इन्स्पेक्शन कुणीतरी दुसऱ्यांदा बघेल का’ असं विचारा. खासगी कारण सांगायची गरज नाही. लॉट परत आल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेलं लोक जास्त समजून घेतात.

मैत्रिणीने तुम्हाला ‘सगळं लिहून काढ’ असं सांगितलंय. याबद्दल जरा थांबून बोलते, कारण हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो सगळ्यांना लागू नाही. त्याचा उगम मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात आहे. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशकारक प्रसंगाबद्दल मनातलं लिहिलं. लिहिताना त्यांना वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. इथवर ठीक. पुढे २०१३ मध्ये डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच विभक्त झालेल्या विवाहित माणसांवर हेच करून पाहिलं, आणि एक अडचणीची गोष्ट दिसली. जी माणसं आधीच ‘हे असं का झालं’ याचा अर्थ शोधत होती, त्यांना भावना उपसून लिहिल्यावर काही महिन्यांनी जास्त त्रास होत होता. त्याच प्रकारच्या ज्या माणसांनी फक्त दिवसभरात काय काय केलं एवढंच कोरडेपणाने लिहिलं, त्यांची स्थिती बरी होती.

तुमच्या पत्रात ‘का’ हा शब्द इतक्या वेळा आहे की तुम्ही या अर्थ शोधणाऱ्या माणसांत मोडता असं मला वाटतं. तो भित्रा होता का, त्याने कधी खरं प्रेम केलं होतं का, मी त्याच्या आईशी वेगळं बोलले असते तर काय झालं असतं. हे विचार करणं वाटतं, पण ते चघळणं असतं. एक खूण सांगते: विचार करून उठल्यावर हातात काही ठरलेलं असेल तर तो विचार, आणि तासाभराने तुम्ही होता तिथेच असाल तर चघळणं. त्याने प्रेम केलं असेल आणि घरच्यांपुढे उभं राहण्याची ताकद त्याच्यात नसेल, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. याचा निकाल लावायला तो समोर नाही आणि त्याला तरी उत्तर माहीत आहे असं मला वाटत नाही. तेव्हा तुम्ही वही करा ती साधी: आज किती वाजता उठले, काय खाल्लं, कुणाशी बोलले, कोणतं काम झालं. रात्री पाच ओळी. कंटाळवाणी वाटली पाहिजे, तरच बरोबर चाललीय.

आता फोन. होय, ब्लॉक करा. ‘ब्लॉक केलं तर त्याला वाटेल मी अजून त्याच्यातच आहे’, असं तुम्ही लिहिलंय. त्याला काय वाटेल हा प्रश्न आता तुमच्या हिशोबात घेऊ नका. तुमचा खरा धोका त्याच्या अधूनमधून येणाऱ्या ‘कशी आहेस’ मध्ये आहे. मटक्याच्या नादी लागलेला माणूस रोज आकडा लागतो म्हणून खेळत नाही, कधीतरी लागतो म्हणून खेळतो. अजिबात उत्तर न देणाऱ्या माणसाला मन काही महिन्यांत सोडतं. पंधरा दिवसांतून एकदा गोड बोलणाऱ्याला वर्षानुवर्षं सोडत नाही. त्याला एकच सरळ मेसेज पाठवा, ‘मला काही महिने संपर्क नको आहे’, मग ब्लॉक करा आणि त्याच्या बहिणीलाही म्यूट करा, कारण तिच्या स्टेटसवरून तुम्ही साखरपुड्याचे फोटो बघितलेत.

जुने फोटो डिलीट करू नका. आज डिलीट कराल, परवा रिकव्हर करायला धडपडाल. सगळे पेन ड्राइव्हवर घ्या, फोनमधून काढा आणि पेन ड्राइव्ह बहिणीकडे ठेवायला द्या. तुमच्या दोघांच्या मित्रांना सांगून ठेवा की त्याची खबर तुमच्यापर्यंत आणायची नाही, चांगली नाही आणि वाईटही नाही. काही मित्र हे ऐकणार नाहीत, त्यांना बातमी सांगायची मजा वाटते. अशांना काही महिने भेटू नका. कॉलेज रोडवर तुमच्या त्या कट्ट्यावर सध्या जाऊ नका. शहर मोठं आहे, मिसळ गंगापूर रोडलाही मिळते.

‘शेवटचं एकदा भेटून सगळं बोलायचं’ याला माझा विरोध आहे, निदान पहिल्या काही महिन्यांत. अशी भेट मी ठरताना पुष्कळ पाहिली. ज्याला अजून हवं असतं तो आशेने जातो, ज्याला सुटायचं असतं तो अपराधीपणापोटी गोड बोलतो, आणि घड्याळ परत दसऱ्यावर येतं. वस्तू, पैसे द्यायचे-घ्यायचे असतील तर तिसऱ्या माणसाकडून करा. तुमच्या दोघांच्या नावावर एक आरडी आहे असं लिहिलंय, ती बँकेत जाऊन कागदावर मिटवा. इथे भावनेत ‘राहू दे तुलाच’ म्हणू नका. तुमचे पैसे तुमचे आहेत.

पत्रात नाही, पण इतर वाचणाऱ्या मुलींसाठी: सोडून गेलेला माणूस फोटो पसरवण्याची धमकी देत असेल, तर त्याची समजूत घालत बसू नका. स्क्रीनशॉट ठेवा, घरच्या एकाला सांगा आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करा. महिलांसाठी १८१ हा हेल्पलाइन क्रमांक आहे, तातडीच्या वेळी ११२.

किती दिवस लागतात? आकडा मी देत नाही, आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार या पाच पायऱ्या तुम्ही कुठेतरी वाचल्या आहेत आणि ‘मी अजून तिसरीवरच आहे’ म्हणून काळजीत आहात. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. त्या क्रमाने चढायच्या जिन्यासारख्या वापरल्या गेल्या ते पुढे. मला कामात जास्त उपयोगी पडतं ते मार्गारेट स्ट्रोबे आणि हेन्क शुट यांचं १९९९ चं म्हणणं. त्यांच्या मते शोक करणारा माणूस दोन काठांमध्ये येरझारा घालतो, कधी गेलेल्याच्या आठवणीत, कधी पुढच्या व्यवहारात, आणि ही येरझार हाच बरं होण्याचा मार्ग आहे. म्हणून सोमवारी चांगलं वाटलं आणि बुधवारी कंपनीच्या बसमध्ये रडू आलं, याचा अर्थ सोमवार खोटा होता असा नाही. मी दिवस मोजायला सांगत नाही, वहीत बघायला सांगते: महिन्यापूर्वी दिवसातले किती तास कामात गेले होते, आज किती जातात. आणि संक्रांत, तुमचा वाढदिवस, त्याचा वाढदिवस, पुढचा दसरा, या तारखांना मागे गेल्यासारखं वाटेल. त्या आधीच वहीवर लिहून ठेवा म्हणजे त्या दिवशी घाबरायला होणार नाही.

आता सल्ले देणाऱ्यांबद्दल. इगतपुरीला विपश्यनेला जा, असं तुम्हाला दोघांनी सांगितलंय. धम्मगिरीत दहा दिवसांचं शिबिर असतं, पूर्ण मौन, फोन नाही, वाचन-लेखन नाही, दिवसाचे कित्येक तास ध्यान. अनेकांना त्याचा फायदा होतो, माझ्या ओळखीतल्यांनाही झाला. पण जखम ताजी असताना, झोप उडालेली असताना, दहा दिवस स्वतःच्या विचारांबरोबर बंद राहणं सगळ्यांना झेपत नाही. पुढच्या वर्षी जा. जाताना आधी कधी नैराश्याचे किंवा इतर मानसिक उपचार झाले असतील तर अर्जात लपवू नका. कुणी त्र्यंबकला एखादी शांती करून घ्यायला सांगितलंय, पत्रिकेत दोष आहे म्हणून. देवाच्या दारात बसून बरं वाटत असेल तर जरूर जा, नाशिकच्या माणसाला मी देऊळ टाळ म्हणणार नाही. भीती घालून पैसे मागितले तर मात्र तिथून उठा. तुमचं नातं जातीवरून तुटलं, ग्रहांवरून नाही.

याच विषयावर निफाडकडच्या एका तरुणाचंही पत्र आहे, त्याला इथेच उत्तर देते. द्राक्षबागेच्या गोड्या छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला, घड कुजले, कर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीचं आणि फवारणीच्या औषधांच्या दुकानदाराचं देणं थकलं, आणि ते कळल्यावर मुलीकडच्यांनी सोयरीक मोडली. दादा, तुमचं दुःख आणि सिडकोच्या ताईंचं दुःख एका औषधाने बरं होणारं नाही. तुमच्या दुःखातला मोठा भाग आकड्यांचा आहे आणि आकडे समुपदेशनाने कमी होत नाहीत. सगळी देणी एका कागदावर मांडा, कुणाचं किती, व्याज किती, कोण थांबू शकतं. दुकानदार आणि सोसायटीच्या सचिवाकडे ते येण्याआधी तुम्ही जा. पंचनामा झाला का, विमा भरला होता का, हे तलाठ्याकडे आणि कंपनीकडे लेखी विचारा. हे काम एकट्याने करू नका, भावाला किंवा चुलत्याला शेजारी बसवा, कारण थकलेलं मन बेरीज चुकवतं आणि कर्ज आहे त्यापेक्षा मोठं दिसतं.

आणि एक गोष्ट आजच करा. फवारणीची औषधं घरातून काढून कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. मी तुमच्यावर संशय घेत नाही. आत्महत्येचा टोकाचा क्षण बऱ्याचदा थोडा वेळच टिकतो आणि त्या वेळात विष हाताशी नसलं तर माणूस वाचतो. श्रीलंकेत सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या. हे घरातल्यांनीही वाचावं. तरुण गप्प झाला असेल तर त्याला सरळ विचारा, ‘मरावंसं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट पहिल्यांदा कुणीतरी विचारलं म्हणून माणूस रडतो आणि बोलतो.

दोघांसाठीही, दुःख कुठे संपतं आणि आजार कुठे सुरू होतो ते सांगते. सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटणं किंवा कशातच रस न वाटणं, त्याबरोबर झोप-भूक बिघडणं, अंगात त्राण नसणं, लक्ष न लागणं, आपण कुचकामी आहोत असं वाटत राहणं, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं. ताई, तुमच्या पत्रात यातल्या बऱ्याच गोष्टी आहेत आणि दसऱ्याला दोन महिने झाले. म्हणून मी तुम्हाला या आठवड्यातच एकदा मनोविकारतज्ज्ञांना भेटा असं सांगते. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याची सेवा मिळते. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर या विषयात शिकलेले डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. माझ्यासारखे समुपदेशक औषध देत नाहीत. नैराश्याच्या गोळीचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका, आणि बरं वाटल्यावर मनाने बंदही करू नका.

मरणाचे विचार येत असतील तर आठवड्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं. केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनवर मानसिक आधार देणारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि ज्यांच्या घरात असा प्रयत्न होऊन गेलाय ते पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळतात, त्यांच्यासाठी: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ म्हणतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच आधी धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. त्याची काळजी घेणं हे सरकारवर बंधन आहे.

आता आईचं. आई दुष्ट नाही, ती घाबरलेली आहे. तुमचा चेहरा तिला दिसतो, कारण कळत नाही, आणि तिच्याकडे असलेला एकच इलाज ती काढते आहे. ‘मला लग्नच नाही करायचं’ असं ओरडलात तर ती दुप्पट स्थळं काढेल. तिला तारीख द्या. ‘आई, गुढीपाडव्यापर्यंत हा विषय काढू नकोस. पाडव्यानंतर आपण दोघी बसून बोलू, मी पळणार नाही.’ आईला कधीच नाही यापेक्षा पाडवा समजतो, आणि मावशीला फोनवर सांगायला तिच्याकडे उत्तर असतं. पाडव्यालाही मन तयार नसेल तर तेव्हा पुढची तारीख. जमलं तर खरं कारणही सांगा. ती आधी चिडेल, मग एक-दोन दिवस बोलणार नाही, आणि मग बहुधा तुमच्या आवडीचं काहीतरी करून ताटात वाढेल. वडिलांना कधी सांगायचं ते तिलाच ठरवू द्या, तीस वर्षं तिने ते काम केलंय. घाईने उभ्या केलेल्या लग्नात त्या नव्या मुलाची काही चूक नसताना त्याला तुमचं उरलेलं दुःख वाटून घ्यावं लागतं, हेही तिला सांगायला हरकत नाही. आया हे ऐकतात.

पुण्याचं थोडक्यात: तिथली नोकरी पगाराने आणि कामाने चांगली असेल तर जा, नसेल तर नको. फक्त नाशिकमध्ये तो समोर दिसेल या भीतीने जात असाल तर निर्णय उन्हाळ्यापर्यंत थांबवा. नव्या शहरात हिंजवडीच्या खोलीवर रात्री दोनला जाग आली तर मटार सोलायलाही कुणी शेजारी नसेल.

पत्राच्या तळाशी, सहीच्या खाली, तुम्ही एक ओळ लिहिलीय: त्याच्या लग्नाची पत्रिका घरी आलीय, सगळा ग्रुप जाणार आहे, न गेले तर लोकांना कळेल. जाऊ नका. लोकांना कळलं तर कळू दे, अर्ध्यांना माहीतच आहे. आहेर पाठवायचा नाही, शुभेच्छांचा मेसेजही नाही. त्या दिवशी रजा टाकून घरी बसू नका, कामावर जा. संध्याकाळी, लॉन्सवर वरात निघायच्या वेळी, कुणाबरोबर कुठे असायचं ते आजच ठरवा. बहिणीला घेऊन नाशिकरोडला मावशीकडे मुक्कामाला जाता आलं तर उत्तम. फोन बहिणीच्या पर्समध्ये, कारण ग्रुपवर फोटो येतीलच.